लातूरचा पॅटर्न आणि खेड्यातील मुलगी

निजामी अमलात मराठवाड्यातील मुलांची मोठी गंमत होती. घरी बोलायचे मराठीत आणि वरच्या वर्गात शिकायचे उर्दूतून! १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक. त्यांच्याच पुढाकाराने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. १९९४ मध्ये तर नांदेडला स्वामीजींच्या नावाने विद्यापीठच झाले.

पुढे ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला. त्यात जादू कसली? अभ्यासक्रम वेळेआधी पुरा करायचा, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घ्यायच्या आणि चुका समजावून द्यायच्या. आज डॉक्टर होण्यासाठी दूरदूरची मुले लातूर-नांदेडात खोल्या घेऊन राहतात.

पण खोलीचे भाडे, खाणावळ आणि शिकवणी यांचा मेळ किनवटकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने कसा घालावा? एकालाच पाठवणे परवडत असेल, तर बहुधा मुलगा जातो. मुलगी जवळच्या कॉलेजात नाव घालते. माझ्या वर्गात अशा मुली आहेत. एस.टी. चुकली की त्यांचा तास चुकतो. बुद्धीत मात्र त्या कुठे उण्या नाहीत.

सराव परीक्षा घ्यायला लातूरच लागते असे थोडेच आहे? ती जिल्हा परिषदेच्या शाळेतही घेता येते. वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत डोकावा. घरातल्या मुलांच्या प्रश्नपत्रिका आणि चार पुस्तके तेवढी तिथे ठेवून या.