विलगीकरण टाकीतून मूळ टाकीकडे

घरगुती मत्स्यालयातील आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून त्याच्यावर उपचार करण्याबाबत हौशी मत्स्यपालक जितके दक्ष असतात, तितके तो मासा मूळ टाकीत परत सोडताना नसतात, आणि सुधारत असलेला मासा पुन्हा खचतो तो अनेकदा याच टप्प्यावर. या कामात माशाच्या शरीराला वेगळ्या पाण्याशी जुळवून घ्यावे लागते, शिवाय त्याच्या गैरहजेरीत इतर माशांनी बळकावलेल्या जागेत आपले स्थान नव्याने मिळवावे लागते. मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील, पण आता मुंबई-पुण्यातील अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत सर्रास दिसणारा एंजल मासा या दृष्टीने विशेष अभ्यासण्यासारखा आहे, कारण तो सिक्लिड कुळातला, म्हणजे हद्द राखणारा मासा आहे. आपसांतील भांडणात त्याचे लांब पर फाटतात आणि फाटलेल्या कडेला जिवाणूंचा संसर्ग होऊन पर झडू लागतो. यालाच फिन रॉट म्हणतात.

असा मासा परत नेण्याजोगा झाला की नाही, हे परांच्या लांबीवरून नव्हे, तर त्यांच्या कडेवरून ठरवावे लागते. संसर्ग चालू असताना ही कड दातेरी, दुधी किंवा लालसर दिसते; भरून येऊ लागल्यावर तिच्यापुढे काचेसारखी पारदर्शक पट्टी वाढते आणि रंग तिच्यात मागाहून उतरतो. ही पट्टी अखंड दिसत असेल, मासा अन्नावर झेपावत असेल आणि औषध बंद केल्यावरही काही दिवस ही स्थिती टिकून असेल, तर पर पूर्ण लांबीचे होण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची, म्हणजे इचची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या परजीवीची अंगावरील अवस्था संपली की ठिपके गळून पडतात, पण ते तळाशी चिकटून प्रत्येकी शेकडो नव्या पिलांना जन्म देतात, आणि औषधाचा प्रभाव मुख्यतः पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या या पिलावळीवरच होतो. त्यामुळे तेथे मासा स्वच्छ दिसणे हा बरे होण्याचा पुरावा ठरत नाही, आणि ज्या मूळ टाकीत तो होता, तीही बाधित धरावी लागते.

पाण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्ताची क्षारता लिटरमागे सुमारे 9 ग्रॅम मिठाच्या पाण्याइतकी असते, तर भोवतालच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्याने पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत राहते; मूत्रपिंडांना ते बाहेर टाकावे लागते आणि कल्ल्यांना गमावलेले क्षार पुन्हा शोषून घ्यावे लागतात. विलगीकरण टाकीत लिटरमागे 2 ग्रॅम मीठ घालतात, त्यामागे हा भार हलका करण्याचाही हेतू असतो. साहजिकच अशा पाण्यातून मासा एकदम बिनमिठाच्या, मऊ पाण्यात टाकला, तर हलका केलेला भार एका क्षणात त्याच्यावर पुन्हा पडतो. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याऐवजी टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरावे लागणाऱ्या घरांत ही तफावत आणखी वाढते, कारण एकाच घरातल्या दोन टाक्यांत दोन प्रकारचे पाणी असू शकते.

म्हणून पाणी जुळवण्याचे काम मासा हलवण्याच्या दिवशी सुरू न करता काही दिवस आधी सुरू करणे हेच शहाणपणाचे आहे. विलगीकरण टाकीतील पाव भाग पाणी रोज काढून तितकेच पाणी मूळ टाकीतून आणून घातले, तर चार दिवसांत मीठ मूळ प्रमाणाच्या सुमारे एक तृतीयांशावर येते आणि त्याबरोबर आम्लता व कठीणपणाही मूळ टाकीच्या जवळ सरकतो. बारीक नळीतून थेंब थेंब पाणी सोडून जुळवणी करण्याची रूढ पद्धत उपयुक्त आहे, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. मुरलेला फिल्टर नसलेल्या विलगीकरण टाकीत अमोनिया साठतो. पाणी आम्लधर्मी असेपर्यंत त्याचा बहुतांश भाग अमोनियम या सौम्य रूपात राहतो, पण पीएच एका अंकाने वाढला की विषारी भाग सुमारे दहापट होतो. त्यामुळे माशाला सावकाश रुळवण्याच्या सद्हेतूनेच त्याला विषात ठेवले जाऊ शकते, आणि थेंब सोडण्यापूर्वी अमोनियाची चाचणी घेणे याच कारणाने अत्यावश्यक ठरते.

मासा पकडण्यासाठी जाळी टाळलेली बरी. एंजलच्या पोटाखालचे दोऱ्यासारखे पर जाळीत अडकतात आणि अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर खरवडला जातो. त्याऐवजी रुंद तोंडाचा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरून दुसऱ्या हाताने माशाला हळूच त्याच्याकडे वळवावे. काठाशी येताच मासा क्षणभर थबकतो, परांची उघडझाप करतो आणि घाई केली नाही, तर बहुधा स्वतःहून आत शिरतो. तापमान समान होण्यासाठी हा डबा मूळ टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावा. डब्यातले पाणी मात्र मूळ टाकीत ओतू नये, कारण त्यात औषधाचा अंश आणि रोगजंतूही असू शकतात.

यानंतर मूळ टाकीतील रहिवाशांचा प्रश्न येतो. मासे आपली हद्द लाकूड, दगड आणि झाडे यांच्या खुणांवरून राखतात, त्यामुळे मासा सोडण्याआधी या वस्तूंची जागा बदलली की साऱ्यांनाच हद्द नव्याने आखावी लागते आणि परतणारा मासा एकटाच उपरा राहत नाही. इतरांना आधी खाऊ घालून, दिवा मालवून, संध्याकाळी मासा सोडणे हितकारक असते. भांडणाचे मूळ एखाद्या विशिष्ट माशात असेल, तर काही दिवस भोके पाडलेला पारदर्शक पडदा मध्ये ठेवावा. मूळ टाकीतील मासे जोडीने अंड्यांची राखण करत असतील, तर मात्र परतीचा बेत पुढे ढकलणेच योग्य.

मासा सोडल्यावर इतरांनी कल्ल्यांची झाकणे फुलवणे आणि बाजू दाखवून ताठ उभे राहणे हे केवळ इशारे असून त्यांत हस्तक्षेपाची गरज नसते. याउलट पर मिटून पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात उभा राहणारा, भराभर श्वास घेणारा आणि अन्न सोडणारा मासा हरलेला असतो आणि त्याला पुन्हा बाहेर काढावे लागते. याच शक्यतेमुळे विलगीकरण टाकी मासा हलवल्याबरोबर रिकामी करू नये. तिचा स्पंज फिल्टर चालू ठेवून त्यातील जिवाणूंना चिमूटभर खाद्य टाकून जगवावे, आणि परतलेला मासा इतरांच्या बरोबरीने खाऊ लागून त्याच्या परांची नवी कड अखंड राहिल्याचे दिसल्यावरच ती उपसून, धुऊन उन्हात वाळवावी.