‘स्वेड’ आणि डोंगरी

लग्नसराई आली की आमच्या अंबरपेठेत ‘स्वेड’चे बूट हटकून दिसतात. पण हे नाव मुळात चामड्याचे नव्हे, देशाचे आहे. फ्रेंच लोक स्वीडनला ‘सुएद’ म्हणतात. तिकडच्या मऊ, लवदार हातमोज्यांस ते ‘गाँ द सुएद’, म्हणजे स्वीडनचे हातमोजे, म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हे नाव उचलले. हातमोजे मागे पडले, देशाचे नाव चामड्यास चिकटून राहिले. कातड्याची आतली, मांसाकडील बाजू घासून तिच्यावर लव आणली की स्वेड तयार होते. ही लव पाणी शोषते. तेव्हा पावसाळ्यात असे बूट घालू नयेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

विलायती नाव ऐकले की आमचे विद्यार्थी दिपून जातात. त्यांस आम्ही मुंबईच्या डोंगरीची गोष्ट सांगतो. तेथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडास इंग्रज व्यापारी सतराव्या शतकापासून ‘डंगरी’ म्हणू लागले. पुढे त्या कापडाच्या कामकऱ्यांच्या विजारींस तेच नाव पडले. आज लेकरांसाठी चढ्या भावाने ‘डंगरी’ घेताना, हे नाव आपल्याच डोंगरीचे आहे, हे कितीजणांच्या ध्यानी येते? स्वीडनच्या हातमोज्यांस जो मान, तोच या कामकरी कापडासही मिळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या हैदराबादेत गोंड्याच्या लाल टोपीस ‘रूमी टोपी’ म्हणत. रूम म्हणजे तुर्कस्तान. इंग्रजीत मात्र त्याच टोपीस मोरोक्कोतील फेझ शहराचे नाव आहे.