आधी शिट्टीवाल्याला शाल!

कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध खंडोबा मॅच असली, की शाहू स्टेडियममधल्या प्रत्येकाची एक टीम असते. फक्त रेफ्रीची नसते! माणूस बऱ्याचदा ओळखीचाच, पण नव्वद मिनिटं त्यानं कुणाचंच नसायचं. पेनल्टी दिली, की अर्धं स्टेडियम त्याचा उद्धार करणार. सोमवारी हाच गडी पुन्हा नोकरीवर हजर.

मला विचाराल, तर फायनलला पहिला सत्कार याचाच हवा. होतं काय? स्टेजवर पाहुण्यांची रांग, ट्रॉफी, फोटो. रेफ्री आणि लाइन्समन मागे, बॅग भरत. सकाळी फक्की मारून रेषा आखणारे, नेट बांधणारे मामा तर फोटोतही नाहीत.

लाल-पिवळ्या कार्डांची आयडिया कुणाची, माहितीये? केन अॅस्टन या रेफ्रीची. पेशानं शाळामास्तर! १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना मॅचला राडा झाला. त्यानंतर गाडी चालवताना सिग्नल बघून त्यांना ती सुचली आणि १९७० च्या वर्ल्ड कपला कार्डं आली. तरी शिवीगाळ थांबली नाहीच. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या हौशी लीगच्या रेफ्रींना छातीवर कॅमेरा लावून उतरवायची ट्रायल घ्यावी लागली. बोला!

तर शाल-श्रीफळ द्याच, पण मानधनाचं पाकीट त्याच दिवशी हातात ठेवा. आणि माइकवर 'सर्व पंच मंडळी' असं घाऊक नको. एकेकाचं नाव घ्या, किती वर्षं येतायत ते सांगा. फक्कीवाल्या मामांचंसुद्धा.