मूठभर माती आणि विहिरीचे पाणी

मनुष्य घर सोडून दूरदेशी जातो तो कधी पोटासाठी, कधी विद्येसाठी. परंतु ज्याला अंतरीची अस्वस्थताच बाहेर नेते, त्याचा प्रवास निराळा असतो. पितृपक्षाच्या या दिवसांत घरोघरी गेलेल्यांचे स्मरण चालू असता आम्हांस अशाच एका चिनी कन्येचे चरित्र आठवते. तिचे नाव चेन पिंग. चिनी वाचक तिला ‘सानमाओ’ या टोपणनावाने ओळखतात.

सानमाओचा जन्म 1943 साली, युद्धाच्या धामधुमीत, चीनमधील चोंगचिंग येथे झाला. पुढे कुटुंब तैवानला आले. शाळेत एका शिक्षकाने वर्गासमोर केलेला अपमान या मुलीच्या जिव्हारी लागला. शाळा सुटली आणि कित्येक वर्षे तिने घरातच काढली. पुढे तैपेई येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून 1967 साली ती स्पेनमध्ये माद्रिदला गेली. तेथे नाताळच्या सुमारास होसे हा तिच्याहून वयाने लहान, शाळकरी तरुण भेटला. ‘सहा वर्षे माझ्यासाठी थांब’, अशी त्याने विनवणी केली. तिने ती हसण्यावारी नेली.

तैवानला परतल्यावर तिचा विवाह ठरला. परंतु लग्नापूर्वीच नियोजित वर अकस्मात निवर्तला. भग्न मनाने ती पुन्हा माद्रिदला आली. तेव्हा होसेच्या खोलीच्या भिंती आपल्याच छायाचित्रांनी भरलेल्या तिला आढळल्या. सहा वर्षे त्याने व्रतासारखी पाळली होती!

सहारा वाळवंटाचे एक चित्र पाहून तिच्या मनात जणू पूर्वजन्मीच्या गावाची ओढ जागी झाली होती. आप्तेष्टांनी ते वेड मानले. होसेने मात्र वाद न घालता आधीच तिकडे जाऊन फॉस्फेटच्या खाणीत नोकरी धरली. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या अल-आयून गावी त्यांचा विवाह झाला. वराने वधूला काय द्यावे? उंटाची कवटी! सोन्याहून अधिक आनंदाने तिने ती स्वीकारली. पाण्याची टंचाई, वाळूची वादळे, अपुरे घर, यांतही तिने संसार मांडला; शेजारच्या सहरावी स्त्रियांना औषधपाणी केले. या जीवनाच्या कथा 1976 साली पुस्तकरूपाने निघाल्या आणि घराघरांत वाचल्या गेल्या.

1975 च्या राजकीय उलथापालथीत हे दांपत्य कॅनरी बेटांवर गेले. तेथे 30 सप्टेंबर 1979 रोजी समुद्रात बुडी मारली असता होसेचा मृत्यू झाला. सानमाओने एकदा लिहिले होते, की आई, वडील व पती यांच्यात आपण सर्वांत शेवटी जावे. कारण मागे राहणाऱ्याचे दुःख मोठे आणि ते त्यांच्या वाट्याला येऊ नये. या इच्छेहून प्रेमाची अधिक खरी कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

पतिवियोगानंतर ती तैवानला परतली, दक्षिण अमेरिका हिंडली. तथापि मन स्थिरावले नाही. 1989 साली ती वडिलांच्या मूळ गावी, चीनच्या चौशान बेटावरील तिंगहाय येथे गेली. आजोबांच्या समाधीपुढे तिने मस्तक नमविले, तेथील मूठभर माती उचलली, वडिलोपार्जित घराच्या विहिरीचे पाणी काढले आणि ते दोन्ही तैवानला नेले. अर्ध्या पृथ्वीची प्रदक्षिणा करणाऱ्या या स्त्रीने एवढेच धन जपून नेले!

या भेटीने तिला पूर्ण शांती लाभली, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. 4 जानेवारी 1991 रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने तैपेईत आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली, अशी अधिकृत नोंद आहे. वृद्ध आईवडील मागे राहिले. जे दुःख त्यांना चुकवावे अशी तिची इच्छा होती, तेच त्यांच्या पदरी आले. वाचकहो, हसरी, देशोदेशी हिंडणारी माणसेही आत किती एकाकी असतात, याचे भान आपल्या घरांतही असावे. अशांची विचारपूस जिवंतपणीच व्हावी. नंतरचे स्मरण ती उणीव भरून काढू शकत नाही.

सानमाओला अपत्य नव्हते. आपल्या तर्पणात मात्र ज्यांना पाणी देणारे कोणी नाही, जे आपले आप्तही नाहीत, अशांचाही उच्चार होतो. या अमावास्येस त्या ओंजळीत विहिरीचे पाणी जपून नेणाऱ्या या लेकीचेही स्मरण व्हावे, एवढीच आमची विनंती.