खाटेचे पैसे

हॉस्पिटल कॅश पॉलिसीचा दवाखान्याच्या बिलाशी संबंध नसतो. विमेदार किमान चोवीस तास दाखल राहिला, की दिवसामागे ठरलेली रक्कम मिळते; अतिदक्षता विभागात ती बहुधा दुप्पट असते. मेडिक्लेममधून बिल भागले असले किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत झाले असले, तरीही ती मिळते. सोबत राहणाऱ्याचा डबा, रिक्षाभाडे, बुडालेली रोजी हे खर्च त्यातून निघतात.

जुनाट आजारात गाडी अडते ती ‘दिवसा’पाशी. दमेकरी सोमवारी संध्याकाळी सहाला दाखल झाला आणि शुक्रवारी सकाळी अकराला घरी गेला, तर घरचे पाच दिवस मोजतात. अनेक पॉलिसींत मात्र चोवीस तास भरले तरच दिवस, म्हणजे येथे तीनच. त्यातला पहिला वजावटीत गेला, तर रोजच्या 2,000 रुपयांप्रमाणे हाती 4,000 येतात. डायलिसिसच्या रुग्णाची गत याहून वाईट. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास खुर्चीत बसून वर्ष सरते, पण चोवीस तास एकदाही भरत नाहीत. अशा रुग्णाने केवळ या पॉलिसीवर विसंबू नये. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल झाल्यासही दावा बसत नाही.

आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी असतो. 2024 पासून त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. ‘शुगरचं लिहू नका, उगाच हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारे एजंट भेटतात. दावा फेटाळला जातो तेव्हा ते फोन उचलत नाहीत. प्रस्ताव अर्जात आजार, गोळ्या, जुनी ऑपरेशने सगळे लिहावे.

कागदांत सर्वांत नाजूक भाग केस पेपरवरच्या पूर्वेतिहासाचा. रात्री दाखल करताना निवासी डॉक्टर विचारतात, ‘बीपी कधीपासून?’ घाबरलेला मुलगा अंदाजाने सांगतो, ‘असेल दहा वर्षं.’ प्रस्ताव अर्जात दोनच वर्षे लिहिलेली असली, तर कंपनीचे बोट नेमके त्या ओळीवर येते. म्हणून निदानाचा पहिला कागद घरच्या फायलीत सर्वांत वर असावा. डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असतेच, वेळही लिहून घ्यावी. मूळ बिले मेडिक्लेमकडे जातात. येथे सहसा रुग्णालयाने साक्षांकित केलेल्या झेरॉक्स चालतात. शिक्का डिस्चार्जच्या दिवशीच मारून घ्यावा, नंतर हेलपाटे पडतात.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.