पहिलीचा वर्ग कुणी शिकवला?

अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या माणसाने आयुष्यात काय मिळवले, याचे आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे आणि ते त्याच्या सेवापुस्तकात लिहिलेले असते. नियुक्तीचा आदेश, हजर झाल्याची तारीख, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे, मग नियमित वेतनश्रेणी, वार्षिक वेतनवाढी, बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, मधल्या बदल्या, जमले तर मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुखाचे पद आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्ती. डी.एड.च्या जुन्या तुकड्यांचे मेळावे भरतात तेव्हा परिचयही याच क्रमाने होतो. त्यात फक्त लग्न, घरबांधणी आणि मुलांचे शिक्षण यांची भर पडते. वरकुटे बुद्रुक, वरकुटे खुर्द किंवा इंदापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात या टप्प्यांना मान आहे आणि तो मिळायलाच हवा. भीमा आणि नीरा यांच्या मधल्या या कमी पावसाच्या पट्ट्यात अनेक घरांतला पहिला पगार गुरुजींचा किंवा बाईंचा होता. त्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली, विहिरीचे कर्ज फिटले. पण हे सगळे टप्पे पदाचे आहेत. कामाचा टप्पा एकच, आणि तो कुठेच नोंदला जात नाही: या माणसाने किती वेळा पहिलीचा वर्ग घेतला आणि त्या वर्गातली किती मुले वाचायला लागली? प्राथमिक शिक्षकाची कारकीर्द आधी या प्रश्नाने तपासावी, बाकीचे नंतर, असे माझे म्हणणे आहे.

हे काम शिकवले कसे जाते ते आधी पाहू. पदविकेच्या दोन वर्षांत छात्राध्यापकाच्या हातात सतत पाठ टाचणाची वही असते. एका रकान्यात शिक्षककृती, शेजारच्या रकान्यात विद्यार्थिकृती, शेवटी फलकलेखन. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ अशा पायऱ्यांनी तास बांधायचा. त्याआधी सूक्ष्म अध्यापनात एकेक कौशल्य सुटे करून घोटायचे: आज नुसते प्रश्न विचारणे, उद्या नुसता फळा वापरणे. मागे मार्गदर्शक निरीक्षण वही घेऊन बसलेले. या शिस्तीला नावे ठेवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. आपण बोलत असताना समोरचे मूल काय करत असेल, हा विचार तो दुसरा रकाना माणसाला करायला लावतो, आणि हीच सवय पुढे तीस वर्षे पुरते. अडचण शाळेत हजर झाल्यावर सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडीवस्तीवरच्या शाळेत पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि माणसे दोन. त्यातले एक जण बैठकीला पंचायत समितीत गेले की उरले एकच. वहीतला सलग तास तिथे नसतोच. पहिलीला मणी मोजायला बसवून दुसरीचे श्रुतलेखन घ्यायचे, तोवर चौथीला गणिते द्यायची, तिसरीतल्या मुलीला पहिलीतल्या मुलाजवळ बसवून त्याचे ऐकायला सांगायचे. मध्येच पोषण आहाराचा तांदूळ येतो, तातडीची ऑनलाइन माहिती मागवली जाते, निवडणूक जवळ आली की मतदार यादी हातात पडते. या सगळ्यातून जी वीस-पंचवीस मिनिटे हाताशी उरतात, त्यांत पहिलीचे वाचन उभे करायचे असते.

ते उभे राहते कसे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. जून-जुलैत नवे मूल पुस्तकाचे पान धडाधड म्हणून दाखवते आणि पालक खूश होतात. जाणत्या बाई पानावरच्या चित्रावर तळहात ठेवतात. मूल थांबते, कारण ते अक्षरे वाचत नव्हते, चित्र बघून पाठ झालेले म्हणत होते. मग सुटी अक्षरे घ्यायची. मूल क, म, ळ वेगवेगळे बरोबर ओळखते, पण तिघांचे मिळून कमळ होते हे त्याच्या लक्षात येत नाही. तो जोड जमायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन महिने. त्यानंतर काना, मात्रा, वेलांटी, उकार. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि उच्चार मात्र नंतर होतो, तिथे मुले हमखास अडखळतात. जोडाक्षरे आणि रफार आले की पुन्हा एक घाट लागतो. प्रत्येक मूल कोणत्या पायरीवर अडले आहे हे ओळखायला त्याचे एकट्याचे वाचन ऐकावे लागते आणि त्याला दुसरा उपाय नाही. तीस मुलांचे रोज दोन-दोन मिनिटे ऐकायचे म्हटले तरी एक तास जातो. चांगला शिक्षक तो तास कुठून तरी काढतो: परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. या तासाची नोंद ना हजेरीपटात होते, ना शेरेबुकात. आणि हा तास ज्याला पहिलीत मिळाला नाही, ते मूल चौथीत परिसर अभ्यासाचे पान उघडून नुसते बसते. पुढच्या वर्गातल्या कोणत्याही शिक्षकाचे यश किंवा अपयश बऱ्याच अंशी इथेच ठरलेले असते.

कारकीर्द कशाला म्हणावे याचे उत्तम उदाहरण याच भागात जन्मलेल्या एका प्रशिक्षित शिक्षिकेचे आहे. अनुताई वाघ बारामती तालुक्यातल्या मोरगावच्या, जन्म १९१० चा. बालपणीच वैधव्य आले, तरी त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, चांदवड भागात नोकरी केली आणि मग हुजूरपागेत रुजू झाल्या. सेवापुस्तकाच्या हिशेबाने त्यांनी तिथेच थांबायला हवे होते. पुण्यातली नामवंत शाळा, स्थिर पगार. १९४५ मध्ये त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती. मग शाळाच कुरणावर नेली, म्हणून तिचे नाव कुरणशाळा. अनुताईंना पद्मश्री मिळाली, पण ती मिळाली नसती तरी त्यांच्या आयुष्याचे मोल तसूभर कमी झाले नसते. मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची, ही टाचण वहीतल्या दुसऱ्या रकान्याचीच शिकवण त्यांनी शेवटपर्यंत नेली.

यावर पहिला आक्षेप येतो तो परिस्थितीचा. मुलाचे वाचन घरावर अवलंबून असते, त्याचे माप शिक्षकाच्या पदरात का टाकायचे? आक्षेप खरा आहे, आणि बारामती-इंदापूरइतका तो क्वचितच कुठे खरा असेल. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी इथल्या साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबे कोप्या घालून राहतात. त्यांची मुले जवळच्या शाळेत आली तर कार्तिकात येतात आणि फाल्गुनात, चैत्रात निघून जातात. वार्षिक मूल्यमापनाला ती वर्गात नसतात. म्हणजे शिक्षिकेने चार महिन्यांत एखाद्या मुलीला अक्षरांपासून वाक्यापर्यंत आणले, तरी ते यश तिच्या शाळेच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही; उलट वर्षभर वर्गात असलेल्या मुलांचा वेळ त्यात गेला, असाच हिशेब निघतो. म्हणूनच मी निकालाची टक्केवारी मागत नाही. मूल कोणत्या पायरीवर आले आणि कोणत्या पायरीवर गेले, एवढेच विचारावे. असे विचारले की कोपीवरच्या मुलीला शिकवणे हे ओझे राहत नाही, कामगिरी ठरते. परिस्थितीचा आक्षेप घेणाऱ्यांनी खरे तर या मोजणीच्या बाजूने उभे राहायला हवे.

दुसरा आक्षेप पुरस्कारांचा. चांगल्या कामाची दखल घ्यायला पुरस्कार आहेतच, असे म्हणतात. उजनीच्या पलीकडे माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा त्यांचा प्रयोग राज्यभर पोहोचला. त्याने गावोगावच्या शिक्षकांची मान उंचावली, हे मी मनापासून मानतो. तरी पुरस्कार ही अपवादाची नोंद आहे. आपल्याकडच्या शासकीय पुरस्कारांसाठी तर शिक्षकाला स्वतःच प्रस्ताव करावा लागतो: छायाचित्रे, कात्रणे, उपक्रमांची यादी. चित्रावर तळहात ठेवण्याचे छायाचित्र कोण काढणार? खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये लोकपसंतीचा जागतिक पुरस्कार मिळाला, तो मला म्हणूनच अधिक योग्य वाटतो. तिथे गौरव एका व्यक्तीचा झाला नाही, शाळेचा झाला.

आणि ज्यांना वर्गच मिळाला नाही, त्यांचे काय? हा आक्षेप सर्वांत जड आहे. दोन हजारच्या दशकात राज्यात अध्यापक विद्यालये भराभर निघाली. बारावीला चांगले गुण मिळवलेली खेड्यातली मुले-मुली डी.एड.ला गेली, कारण लवकर लागणारी ती एकच खात्रीची नोकरी होती, डी.एड. झालेल्या मुलीचे लग्नही त्यावर ठरत असे. २०१० च्या शिक्षकभरतीच्या सीईटीनंतर २०१२ पासून भरती थांबली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली, अभियोग्यता चाचणी थेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि पवित्र पोर्टलवरून निवड व्हायला २०१९ उजाडले. २०१० मध्ये विसाव्या वर्षी पदविका घेतलेल्याची तिशी त्यात आली. ज्यांची निवड झाली, त्यांनाही आधी शिक्षणसेवकाच्या मानधनावर काढावे लागले. प्राथमिकसाठी ते ३,००० वरून ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० रुपये. उरलेल्यांनी दूध संकलन केले, ठिबकची दुकाने टाकली, खासगी शाळांत तुटपुंज्या पगारावर राबले. त्यांच्या नावापुढे अपयश लिहिणे अन्याय आहे. माझ्या मापाने तर ते अपयशी नाहीतच. त्यांना वाचायला शिकवता येत होते आणि राज्याने त्यांना मुले दिली नाहीत. नियुक्तीलाच यश मानणारी मोजणी मात्र त्यांना सरसकट बाद करते.

आता सेवेत असलेल्यांवरही नवी परीक्षा आली आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. पात्रतेचा आग्रह चूक नाही. पण दीडशे बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेतून, वीस वर्षे पहिली शिकवलेल्या बाईंच्या हातून किती मुले वाचती झाली हे कळणार नाही. ते कळण्यासाठी सेवापुस्तकाला एक पान जोडावे: दरवर्षी कोणता वर्ग, किती मुले, कोण मध्येच आले, कोण निघून गेले, आणि न पाहिलेला उतारा आरंभी व शेवटी किती जणांनी वाचला. ही तपासणी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने करावी आणि वेतनवाढीशी तिचा संबंध ठेवू नये, म्हणजे आकडे फुगवायचे कारण उरणार नाही. दर महिन्याला केंद्रातले सगळे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र येतातच. सुरुवात तिथे, एका वर्गापासून करता येईल, आणि तो वर्ग पहिलीचा असावा.