ग्रामपंचायतीच्या कामाचा वार्षिक आढावा : ग्रामसभेत काय पाहावे

शेतीविषयक पत्रिकेत ग्रामपंचायतीच्या कारभारावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडण्याचा संभव आहे. परंतु नळाचे पाणी, जनावरांचा हाळ, गायरान, गावतळ्यातील गाळ व शेतावर जाणारी पाणंद या सर्व बाबींचा ग्रामपंचायतीशी निकट संबंध येतो. पाणंद चिखलात बुडाली की ऊस व भाजीपाला वेळेवर बाहेर निघत नाही. आणि नळ कोरडा पडला की घरातील स्त्रियांचा निम्मा दिवस हंड्यांमागे जाऊन तितके मनुष्यबळ शेतीकामातून वजा होते. यास्तव पंचायतीने वर्षभरात काय केले याची तपासणी हा शेतकऱ्याच्या हिताचाच विषय होय.

ही तपासणी कायद्यानेच घालून दिलेली आहे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आता यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम असे म्हणतात) याच्या कलम ८ अन्वये आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने चार कागद ठेवावयाचे असतात : वार्षिक हिशेब, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षातील विकासकामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचे टिपण व त्यास दिलेली उत्तरे. ही सभा पुष्कळ गावी १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, भरते. अहवाल वाचला जातो, ‘मंजूर’ असा आवाज उठतो व सभा संपते. वाचन म्हणजे आढावा नव्हे, ही गोष्ट येथेच ध्यानात घेतली पाहिजे. अहवालात बहुधा खर्च सांगितलेला असतो. त्या खर्चाने सेवा कोठवर पोहोचली ते ग्रामस्थांनी विचारावयाचे असते.

पाणीपुरवठ्याचेच उदाहरण घेऊ. ‘योजना पूर्ण, निधी पूर्ण खर्च’ एवढ्या नोंदीवरून शेवटच्या वस्तीतील नळाची स्थिती कळत नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. हे प्रमाण आपल्या वस्तीत पाळले जाते किंवा नाही हे कोणासही घरी पाहता येते. समजा, २० लिटरची बादली भरण्यास २ मिनिटे लागतात व पाणी ४५ मिनिटे सुटते. म्हणजे एका वेळी ४५० लिटर पाणी मिळाले. पाणी एक दिवसाआड येत असेल तर दिवसास २२५ लिटर; घरात ६ माणसे असल्यास माणशी साडेसदतीस लिटरच पडतात. असा हिशेब टाकीजवळच्या एका घरी व गावाच्या टोकाच्या एका घरी, तोही एप्रिल-मेमध्ये, करावा. दोन्ही आकडे सभेत शेजारी शेजारी मांडले असता दोष उद्भवात आहे, जलवाहिनीत आहे की झडपा सोडण्याच्या वेळापत्रकात आहे, याचा उलगडा होऊ लागतो. (५५ लिटर हे प्रमाण केवळ माणसांसाठी आहे. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात एकटीच तितके किंवा त्याहून अधिक पाणी पिते. तेव्हा जनावरांच्या पाण्याचा विचार वेगळा करावा लागेल.)

पाणी पुरेसे असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते शुद्ध असणेही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाण्याच्या उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन जोखमीनुसार पंचायतीस लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड देण्यात येते. आपल्या गावास कोणते कार्ड मिळाले आणि लाल वा पिवळे असल्यास विहिरीचा कठडा, गळती, भोवतालचे सांडपाणी यांपैकी काय दुरुस्त झाले, हे सभेत विचारावे. विरंजक चूर्णाची खरेदी पावतीवरून कळते. त्याचा उपयोग मात्र टोकाच्या नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आढळते की नाही यावरूनच कळतो. उघड्या पोत्यात ओल लागलेले चूर्ण निरुपयोगी ठरते, ही बाब साठवणीची खोली पाहिल्याशिवाय उघड होत नाही.

करवसुलीचा आकडा ऐकताना विशेष सावध राहावे. मागणी नमुना ९ च्या नोंदवहीत असते. समजा, चालू वर्षाची मागणी २,४०,००० रुपये, मागील थकबाकी १,६०,००० रुपये व वसुली १,८०,००० रुपये आहे. केवळ चालू मागणीशी ताडले तर वसुली ७५ टक्के दिसते. एकूण मागणीशी ताडता ती ४५ टक्केच भरते. दोन्ही आकडे एकाच वहीतून निघतात, परंतु गावाची खरी स्थिती दुसरा आकडा सांगतो. पाणीपट्टी थकली की पंपाचे वीजबिल थकते आणि ऐन उन्हाळ्यात पुरवठा बंद पडण्याची वेळ येते. येथे दोष केवळ पंचायतीचा नसतो, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. आढाव्यात प्रश्न विचारणाऱ्याने आपली पट्टी आधी भरलेली असावी.

दिवाबत्ती, गटारे यांबाबत फेरी मारून पाहणे पुरेसे आहे. लेखापरीक्षणाच्या टिपणात मात्र एकच गोष्ट शोधावी : तोच आक्षेप मागील वर्षीही होता काय? आक्षेप निघणे ही फार मोठी बाब नाही. तोच आक्षेप दरवर्षी येत राहणे ही आहे.

आढाव्याचा शेतीशी थेट मेळ घालणारे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाहावयास मिळते. तेथे पडलेल्या पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात व त्यावरून कोणती पिके घ्यावयाची हे ठरवितात. पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढून उरलेल्यातून पिकांचा विचार होतो. पर्जन्यमापक व विहिरींच्या पातळीची नोंद एवढ्या साहित्यावर कोणत्याही गावास याचा आरंभ करता येईल. याकामी कृषी सहायकाचे साहाय्य अवश्य मागावे.

हे सर्व घडावयाचे तर सभेस माणसे हवीत. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. ती न झाल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नसल्याने मूठभर लोकांत सर्व अहवाल संमत होऊ शकतात. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. पाणी किती वाजता येते व किती टिकते याची अचूक माहिती स्त्रियांनाच असल्याने वर सांगितलेले बादलीचे मोजमाप प्रथम त्या सभेत मांडणे सोयीचे पडेल. तेथील शिफारशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (गावोगाव लोक अद्याप त्यांना ग्रामसेवकच म्हणतात) कार्यवृत्तात लिहवून घ्याव्यात, म्हणजे त्यांवर काय झाले हे पुढील सभेच्या आरंभीच विचारता येते.